दारातल्या कॅराव्हॅनला घरची वीज, एकेक पायरीने

पुण्याहून सोलापूर, उमरगा, जहीराबाद करत गाडी हैदराबादेत आली, काचीगुड्याच्या काकांकडे नाहीतर कुकटपल्लीच्या आतेबहिणीकडे उभी राहिली, की आधी चहा विचारतात आणि मग वीज. एसी चालवायचाय, बॅटरी भरायचीय, आणि मे महिन्यातल्या हैदराबादेत हे दोन्ही चैनीचे विषय नाहीत. म्हणून अनेकजण घाईघाईने एक्स्टेन्शन ओढतात आणि तिथेच चुकतं. आपण घाई करायची नाही. मी तुमच्या शेजारीच उभी आहे असं समजा आणि एकेक पायरी माझ्याबरोबर करा. क्रम मात्र बदलायचा नाही, कारण यातली निम्मी सुरक्षितता क्रमातच आहे.

निघण्याआधी किंवा ट्रूप बाजारात

१. गाडीच्या वीजजोडणीच्या झाकणाजवळची छोटी पट्टी वाचा. तिथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं असेल तर पुढे चला. अमेरिकेतून आणलेल्या काही गाड्यांवर १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर इथेच थांबा. ती गाडी आपल्या घरच्या सॉकेटला थेट लावली तर आतली उपकरणं काही क्षणांत जळतील.

२. झाकण उघडून आतला इनलेट बघा. बहुतेक गाड्यांना निळ्या रंगाचा, तीन पिनांचा गोल इनलेट असतो आणि त्यावर १६ किंवा ३२ अँपिअर लिहिलेलं असतं. पिना काळ्या पडल्या असतील किंवा हलत असतील तर आधी इनलेट बदलून घ्या.

३. केबल विकत घ्या. कोटीजवळच्या ट्रूप बाजारात विजेच्या सामानाची दुकानंच दुकानं आहेत. मागायचं ते असं: तीन कोअरची, तांब्याची, फ्लेक्सिबल, अडीच स्क्वेअर एमएम, वरचं आवरण जाड, आयएसआय मार्कची. अंतर पंचवीस मीटरच्या पुढे जाणार असेल तर चार स्क्वेअर एमएम घ्या. टेबलफॅनला लावतो तसलं बारीक एक्स्टेन्शन दुकानदाराने कितीही प्रेमाने दाखवलं तरी घेऊ नका, त्यावर एसी चालवला की ती वायर आतून वितळते.

४. केबलच्या एका टोकाला १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप आणि दुसऱ्या टोकाला गाडीच्या इनलेटला बसणारा निळा कनेक्टर बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनला सांगा की टॉपच्या आत हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेव. कुणाचा पाय अडकून केबल ओढली गेलीच तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटलं पाहिजे. आणि दोन्ही टोकांना टॉप असलेली केबल कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून बनवू नका. तिच्या एका टोकाच्या उघड्या पिनांत जिवंत वीज असते. अशा केबलने माणसं मेली आहेत.

५. एक छोटा डबा बनवून घ्या, त्यात १६ अँपिअरचा डबल-पोल एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) आणि एक १६ अँपिअरचा सॉकेट. डब्याला स्वतःची हातभर केबल आणि टॉप असू द्या. घरात आरसीसीबी आधीच असला तरी हा डबा हवाच, कारण जुन्या घरांत पार्किंगचा सॉकेट नेमका आरसीसीबीच्या बाहेर राहिलेला असतो. दुकानदार १०० मिलिअँपिअरचा देऊ करेल. तो माणसासाठी पुरेसा नाही, ३० चाच घ्या.

६. एक सॉकेट टेस्टर घ्या, तीन छोटे दिवे असलेला. बरोबर साधा निऑन टेस्टर आणि जमल्यास मल्टिमीटर. यात कंजूषी नको.

गाडी कुठे उभी करायची

७. यजमानांना विचारा, "सम्प कुठे आहे?" हैदराबादेत पाण्याचा सम्प बरेचदा थेट पोर्टिकोखाली असतो, वर फरशी आणि एक लोखंडी झाकण. साडेतीन-चार टनांची गाडी त्या स्लॅबवर चढवू नका. दुसरं कारण विजेचं आहे. टँकर आला किंवा सम्पची मोटर दुरुस्तीला काढली की तिथे पाणी सांडतंच, आणि आपल्या जोडणीशेजारी पाणी नको.

८. गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. दारातला रॅम्प दिसतो तितका सौम्य नसतो.

९. सॉकेटपासून गाडीच्या इनलेटपर्यंत चालत जा आणि केबलचा रस्ता डोळ्यांनी आखा. केबल सरकत्या लोखंडी गेटखालून जाणार असेल तर रस्ता बदला. गेटची चाकं केबलला एकाच फेरीत कापतात. केबल फूटपाथवरून किंवा गल्ली ओलांडून जाणार असेल तर तो बेत सोडूनच द्या.

१०. आता गेटसमोरची ती जागा नीट बघा, जिथे रांगोळी दिसते. सकाळी लवकर, तुम्ही झोपेत असताना, कामाला येणाऱ्या बाई तिथे बादलीने पाणी शिंपडतील, झाडतील आणि मग मुग्गू काढतील. तेलुगू घरात हे चुकत नाही, आणि शेजारच्या मराठी घरानेही ते कधीच उचललेलं असतं. म्हणून केबलचा कुठलाही जोड, डबा किंवा कनेक्टर त्या पट्ट्यात येता कामा नये. बाईंना आदल्या संध्याकाळी केबल दाखवूनही ठेवा.

घरचा सॉकेट

११. यजमानांना कुठला सॉकेट वापरायचा ते विचारा. हवा तो १६ अँपिअरचा, मोठ्या भोकांचा पॉवर सॉकेट. पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरसाठी बसवलेला असेल तर बहुधा तोच उत्तम. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला कन्व्हर्टर पिन लावून काम भागवू नका. अपार्टमेंट असेल तर असोसिएशनची परवानगी आधी घ्या, कारण पार्किंगची वीज कॉमन मीटरवर असते आणि नंतर वाद होतात. रस्त्यावरच्या खांबावरून आकडा टाकण्याचा सल्ला कुणी दिलाच तर हसून सोडा. तो वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा आहे, आणि जिवालाही तितकाच धोका.

१२. सॉकेट जवळून बघा. कडा पिवळ्या पडलेल्या, भोकाजवळ काळा डाग, टॉप घालताच सैल हलतो, यातलं काहीही दिसलं तर तो सॉकेट आधी बदलून घ्या. शंभर-दीडशे रुपयांच्या कामासाठी रात्रभराची आग पत्करू नका.

१३. घरच्यांना सांगून मेन स्विच बंद करा. सांगूनच, नाहीतर काकांची मालिका नेमकी त्या क्षणी जाईल आणि "करंट गया" म्हणून सगळी गल्ली बाहेर येईल. मेन बंद असताना सॉकेटचा स्विच चालू करून त्यात निऑन टेस्टर घाला. दिवा लागला तर तो सॉकेट इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर आहे. तिथे गाडी लावायची नाही, घरचा इन्व्हर्टर पाच मिनिटांत किंकाळी फोडेल.

१४. मेन चालू करा.

१५. डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, उघडून त्या सॉकेटचा एमसीबी शोधा. एकेक पाडून बघितला की कळतो. त्यावर १६ किंवा २० असावं. ३२ असेल तर सॉकेटमागची वायर तेवढी जाड आहे का ते इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पातळ वायर मोठ्या एमसीबीवर असली की एमसीबी पडण्याआधी वायर जळते.

१६. सॉकेट टेस्टर लावा आणि स्विच चालू करा. दिवे "बरोबर" दाखवत असतील तर छान. मल्टिमीटर असेल तर आकडेही बघा: फेज ते न्यूट्रल २२० ते २४० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तितकंच, न्यूट्रल ते अर्थ पाचच्या आत. फेज आणि न्यूट्रल उलटे आले तर इलेक्ट्रिशियनकडून सुलटे करून घ्या. समोरून बघताना फेज उजवीकडे असतो.

१७. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, दिव्याने किंवा मीटरने. ही पायरी लोक हमखास गाळतात, म्हणून जरा थांबते. सॉकेटमधून हिरवी वायर निघते, पण ती दुसऱ्या टोकाला कुठे पोहोचते हे कुणी बघितलेलं नसतं. हैदराबादेत खाली खडक, वर फरशी, आणि अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. साधा मल्टिमीटर असल्या मरगळलेल्या अर्थिंगवरही २३० दाखवून तुम्हाला खूष करतो, म्हणून भार टाकूनच तपासावं लागतं. ते काम मात्र तुम्ही स्वतः करू नका, चुकलं तर घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या वायरींत वीज येऊ शकते. खड्ड्याचं झाकण सापडलं तर त्यात दोन बादल्या पाणी ओता. एवढ्यानेही फरक पडतो. अर्थिंग नसेलच तर आज जोडणी नाही. तुमची गाडी पत्र्याची आहे आणि रबराच्या चाकांवर उभी आहे. अर्थिंगशिवाय तिच्या अंगात वीज आली तर ती जमिनीत जाण्यासाठी दारातून उतरणाऱ्या माणसाची वाट बघते.

गाडीच्या आत

१८. एसी, गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, सगळं बंद करा. प्रत्येकाचा स्विच, नुसता रिमोट नव्हे.

१९. गाडीचा इन्व्हर्टर बंद करा. गाडीत आपोआप बदलणारा स्विच असला तरी पहिल्यांदा जोडताना बंदच. घरची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकमेकांना भेटल्या तर इन्व्हर्टर जातो, आणि त्याची किंमत तुम्हाला माहीत आहे.

२०. गाडीच्या डीबीतला मेन एमसीबी खाली करा.

आता जोडा

२१. घरच्या सॉकेटचा स्विच बंद करा आणि टेस्टर काढून घ्या.

२२. केबल रिळावरून पूर्ण उलगडा. पाचच मीटर लागणार असली तरी पूर्ण. गुंडाळलेल्या केबलमधून एसीचा करंट गेला की आतली वेटोळी तापतात, आणि बाहेरून हात लावून ते लवकर कळतही नाही.

२३. आखलेल्या रस्त्याने केबल टाका. उरलेली केबल सावलीत मोठ्या, सैल नागमोडीत पसरा. चाकाखाली, गेटखाली, सतरंजीखाली नको.

२४. निळा कनेक्टर गाडीच्या इनलेटमध्ये बसवा आणि झाकणाची खिट्टी अडकल्याचा "टक्" आवाज ऐका. गाडीची बाजू आधी, घरची नंतर. उलटं केलंत तर हातात वीज असलेलं टोक घेऊन अंगणभर चालावं लागतं.

२५. इनलेटजवळ केबलला खाली एक झोल सोडा. पाऊस आला तर थेंब झोलावरून गळतील, कनेक्टरमध्ये शिरणार नाहीत.

२६. केबलचा टॉप डब्यातल्या सॉकेटमध्ये घाला.

२७. डबा भिंतीवर टांगा किंवा कोरड्या ओट्यावर ठेवा. जमिनीवर नको.

२८. डब्याचा टॉप घरच्या सॉकेटमध्ये घट्ट बसवा. अजून स्विच चालू करू नका, तो मोह आवरा!

२९. स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधा: "केबल लागली आहे". सकाळी अर्धवट झोपेत गाडी पुढे घेणारे लोक असतात आणि त्यांच्याबरोबर भिंतीतला सॉकेटही निघतो.

३०. मुलांना आणि कुत्र्याला गाडीपासून दूर ठेवा. पायांत कोरड्या रबरी चपला घाला.

३१. घरच्या सॉकेटचा स्विच चालू करा.

३२. डब्यातला एमसीबी वर करा, मग आरसीसीबी. आरसीसीबी लगेच पडला तर पुन्हा पुन्हा वर करू नका. केबलमध्ये किंवा इनलेटमध्ये गळती आहे. सगळं उलट्या क्रमाने काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

३३. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबा. तो खटकन पडलाच पाहिजे. पडला नाही तर डबा निकामी आहे, आजचा बेत रद्द.

३४. पडलेला आरसीसीबी पुन्हा वर करा.

३५. कुणीही गाडीला हात लावण्याआधी निऑन टेस्टरचं टोक रंग नसलेल्या एखाद्या बोल्टला किंवा दाराच्या बिजागरीला टेकवा. फक्त टेस्टर टेकवा, दुसरा हात खिशात. दिवा मिणमिणला तरी घरचा स्विच बंद करा आणि अर्थिंगकडे परत जा. "थोडंसंच आहे, चालतं" हे वाक्य इथे चालत नाही.

३६. गाडीत चढा आणि गाडीचा मेन एमसीबी वर करा.

३७. बॅटरीचा चार्जर चालू करा आणि पॅनेलवर व्होल्टेज बघा. बारा व्होल्टच्या बॅटरीचा आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढला की चार्जिंग सुरू झालं. आकडा हललाच नाही तर चार्जरचा फ्यूज बघा.

३८. एसी चालू करा. इतर काही नाही, फक्त एसी.

३९. पंधरा मिनिटं थांबा. आता चहा घ्यायला हरकत नाही, उस्मानिया बिस्किटांसकट.

४०. परत येऊन घरचा टॉप हाताच्या उलट्या बाजूने चाचपा. कोमट ठीक, चटका बसला किंवा जळका वास आला तर लगेच बंद. अशा वेळी दोष बहुधा सैल सॉकेटचाच असतो.

वापरताना

हिशोब सोपा ठेवा. १६ अँपिअरच्या सॉकेटवरून तासन्तास चालवायचं तर १२-१३ अँपिअरच्या पुढे जाऊ नका. एक टनाचा एसी साधारण ५ अँपिअर घेतो, दोन हजार वॅटचा गीझर किंवा इंडक्शन जवळजवळ ९, आणि चार्जर २ च्या आसपास. म्हणजे एसी आणि चार्जर खुशाल रात्रभर. गीझर लावायचा तर तेवढा वेळ एसी बंद. गीझर आणि इंडक्शन एकत्र मात्र कधीच नाही, त्यापेक्षा पोहे यजमानांच्या स्वयंपाकघरातच होऊ द्या. त्यांनाही तेच हवं असतं.

४१. घरच्यांना विचारा की सम्पची मोटर कधी चालते. त्या वेळी एसी बंद ठेवा. मोटर सुरू होताना व्होल्टेज बसतं आणि तुमच्या एसीच्या कॉम्प्रेसरला ते सोसत नाही.

४२. दुपारी आणि रात्री एकदा व्होल्टेज बघा. २०० च्या खाली आलं तर एसी बंद, २५० च्या वर गेलं तर सगळंच बंद. फेज गेला किंवा वीज सारखी ये-जा करायला लागली तर १९१२ वर वीज कंपनीला कळवा, आणि स्थिर होईपर्यंत गाडीचा मेन खाली ठेवा.

४३. ढग गडगडायला लागले की केबल काढा. एप्रिल-मेमधली हैदराबादची वादळं आधी धूळ, मग गारा आणि मग पाऊस अशी अर्ध्या तासात येतात. पावसात उभं राहून काढण्यापेक्षा आधीच काढलेली बरी.

४४. वॉचमनला स्विच दाखवून ठेवा आणि वर तेलुगूत चिठ्ठी लावायला यजमानांना सांगा. नाहीतर पहाटे पार्किंगचे दिवे मालवताना तो तुमचाही स्विच मालवेल, आणि तुम्ही उठाल ते घामाने.

कुणाला शॉक बसलाच तर माणसाला हात लावू नका. आधी घरचा मेन पाडा, मग १०८ ला फोन.

काढताना

४५. गाडीतली उपकरणं एकेक करून बंद करा. चालू एसीसकट टॉप ओढलात तर ठिणगी पडते आणि सॉकेटच्या पट्ट्या जळतात.

४६. गाडीचा मेन एमसीबी खाली करा.

४७. डब्यातला आरसीसीबी आणि एमसीबी पाडा.

४८. घरच्या सॉकेटचा स्विच बंद करा.

४९. घरचा टॉप काढा, वायर धरून नव्हे, टॉप धरून. या वेळी घरची बाजू आधी. आणि स्विच बंद केला म्हणून टॉप तसाच ठेवू नका, जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर असू शकतो. तेव्हा तो बंद करूनही केबलमध्ये वीज राहते.

५०. आता गाडीकडचा निळा कनेक्टर काढा आणि इनलेटचं झाकण बंद करा.

५१. केबल कोरड्या फडक्याने पुसत, बोटांनी चाचपत गुंडाळा. कुठे कापलेली, चेपलेली, चिकट लागली तर तिथे चिकटपट्टी लावून गाडीत टाकू नका. तो तुकडा कापून केबलला नव्याने टोकं बसवून घ्या.

५२. स्टिअरिंगवरची चिठ्ठी काढा.

५३. टॉप काढताना सॉकेट सैल वाटला असेल तर निघण्याआधी यजमानांना तसं सांगा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर त्यांच्या हातात द्या. तुम्ही जाताच संध्याकाळी त्याच सॉकेटला कुणाची तरी स्कूटर लागणार आहे.